जिभेचा नकाशा

पोवार सर माणसाला भररस्त्यात जीभ काढायला लावतात. वय वर्षं सत्तर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात स्टीलचा डबा, आणि समोर जो कोण उभा असेल त्याला खणखणीत आवाजात सांगणार, "जीभ काढ. आणखी बाहेर. दातात धरू नकोस." समोरचा साधासुधा माणूसच असतो असं नाही. दसरा चौकात एक फौजदार टोपी काखेत मारून, जीपला टेकून, सरांपुढं जीभ काढून उभे राहिलेले मी स्वतः बघितलेत. त्यांचा हवालदार बिचारा तोंड फिरवून, जिकडं एकही गाडी नव्हती तिकडचा ट्रॅफिक बघत होता.

म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत निम्म्या लोकांचं मत आहे. आधी मीही त्यातलाच. माझं दुकान सरांच्या घराच्या बरोबर खाली, मिक्सर-पंखे-गिझर दुरुस्तीचं. सर बत्तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले त्यालाही आता बारा वर्षं झाली. मी काही त्यांच्या शाळेत नव्हतो. नववीत शाळा सोडली आणि नंतर बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी काढली. सरांनी त्यावरही तोड काढली. "संभाजी, तू माझा सतरा नंबरचा विद्यार्थी," म्हणाले. तेव्हापासून माझी सुटका नाही.

सरांच्या जगात चारच गोष्टी आहेत: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. प्रयोगवहीत ज्या क्रमानं लिहायच्या, त्याच क्रमानं. माझ्या दुकानात कोण मिक्सर घेऊन आलं आणि म्हणालं, "मोटर जळलीय," की सर जिन्यावरून सांगणार, "हे अनुमान झालं. निरीक्षण सांगा."

गिऱ्हाईक माझ्याकडं बघतं. मी म्हणतो, "काय हुतंय ते सांगा म्हणत्यात."

"बटण दाबलं की नुसतं घूं करतंय."

"हां. हे निरीक्षण," म्हणून सर खूश होऊन पेपरात डोकं घालणार. सुरवातीला मला याचा राग यायचा. गिऱ्हाईक माझं, दुकान माझं, आणि तास यांचा. पण खरं सांगायचं तर घूं करणाऱ्या मिक्सरची मोटर बहुतेक वेळा जळलेली नसते, आणि न उघडता मोटर बदलायची माझी वाईट सवय सरांमुळंच गेली. भाजीवाल्या मावशी मात्र अजून चिडतात. "मेथी ताजी हाय," असं त्या म्हणाल्या की सर म्हणतात, "अनुमान." मावशी म्हणतात, "मास्तर, घ्यायची तर घ्या, न्हायतर शाळंत जावा."

शाळेत जावा म्हटलं की सर जुडी उचलतात आणि पैसे मोजायला लागतात.

घरात एकटेच असतात. काकू साथीच्या वर्षी गेल्या. मुलगा बंगळूरला. दुपारी बारा वाजता डबा येतो. तो उघडून, खाऊन, घासून सर पुन्हा जिन्यावर येऊन बसतात. हे सगळं ठीक. पण जिभेचं प्रकरण सुरू झालं ते गेल्या तीन-साडेतीन वर्षांत, आणि त्याचं कारण तुमच्याआमच्या सगळ्यांच्या डोक्यात शाळेपासून बसलेलं एक चित्र आहे.

आठवतंय का बघा. विज्ञानाच्या पुस्तकात जिभेचं चित्र असायचं. टोकाला गोड, कडेला खारट, त्याच्या मागं आंबट आणि पार मागं घशापाशी कडू. जिल्ह्यात तालुके असावेत तशा चवींच्या हद्दी पाडलेल्या. सर ते चित्र फळ्यावर रंगीत खडूनं काढायचे. इतकं सुरेख काढायचे म्हणे, की पुढच्या तासाला इतिहासाचे सर ते पुसायला धजायचे नाहीत, बाजूच्या रिकाम्या जागेत लढाई भागवायचे.

तर ते चित्र चुकीचं आहे. जिभेवर सगळीकडं सगळ्या चवी लागतात, थोड्या कमीजास्त. सरांचाच एक विद्यार्थी कान-नाक-घशाचा डॉक्टर झालाय, त्यानं कशावरून तरी विषय निघाला तेव्हा सरांना हे सांगितलं. दुसरा कोण असता तर "असं होय" म्हणून घरी आला असता. सर घरी आले, साखरेचं पाणी केलं, मिठाचं केलं, लिंबू पिळलं, कडूसाठी काडेचिराईत भिजवलं आणि मला वर बोलावलं. माझ्या जिभेवर अर्धा तास ड्रॉपरनं थेंब टाकत बसले. मी काडेचिराईताला तोंड वाकडं केलं की विचारायचे, "कुठं लागलं? टोकाला? नक्की?" मी म्हटलं, "नक्की म्हणजे काय सर, डोळ्यात पाणी आलं की माझ्या." सर खुर्चीत बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"बत्तीस वर्षं, संभाजी," म्हणाले. "बत्तीस नववीचे वर्ग."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक वर्गाची नावं त्यांत होती. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या चार रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांत चार चवींचं पाणी भरलं, बाटल्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या, आणि सर आपली चूक दुरुस्त करायला गावात निघाले. एकेक विद्यार्थी गाठायचा, जीभ काढायला लावायची, थेंब टाकायचा, आणि नावापुढं बरोबरची खूण करायची.

मी म्हटलं, "सर, नुसतं सांगा की. व्हॉट्सॲपवर टाका. एका मिनिटात समद्यांस्नी कळंल."

"मी सांगितलं म्हणून त्यांनी तेव्हा मानलं," सर म्हणाले. "आता पुन्हा मी सांगतोय म्हणूनच मानायचं? चाखू देत."

मग मीही कधीकधी त्यांच्याबरोबर जायला लागलो. आणि एक गोष्ट मला दिसायला लागली. डबा घेऊन निघालेला हा माणूस जिन्यावर बसणारा माणूस नव्हता. पाठ ताठ, आवाज मोठा, पायात वहाणा करकरतायत. सराफाच्या पेढीवर, पेट्रोल पंपावर, रंकाळ्याच्या कट्ट्यावर जिथं म्हणून सरांनी डबा उघडला तिथं वर्ग भरला. एकाला शिकवायला लागले की बघता बघता पाच-सहाजण जमायचे, आणि जे त्यांचे विद्यार्थी नव्हते तेही जीभ बाहेर काढून रांगेत उभे राहायचे.

भांडण झालं ते फक्त एका ठिकाणी. मिसळीचं हॉटेल चालवणारे शिंदे सरांचे जुने विद्यार्थी. त्यांनी चारी थेंब निमूट घेतले, टोकाला कडू लागतंय हे कबूल केलं, आणि वर भोळेपणानं विचारलं, "आणि तिखट, सर? तिखट कुठं लागतंय?"

"तिखट ही चवच नव्हे," सर म्हणाले. "ती जळजळ आहे. भाजल्याचा भास."

हॉटेलातले चमचे थांबले. शिंद्यांनी गल्ल्यावरून उठून सरांना नमस्कार केला आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, जिभेचं समदं मान्य. पण ह्ये माझ्या हाटेलात बोलू नगासा. आमी तीन पिढ्या काय जळजळ विकतोय व्हय?" कोपऱ्यात एकजण नाक पुसत बसला होता. तो म्हणाला, "जळजळ तर जळजळ. एक वाटी कट आणा की हिकडं." तेवढ्यावर मिटलं म्हणून बरं.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, आणि मी तसंच नेलं असतं. पण एका दुपारी लाईट गेली होती, दुकानात काम नव्हतं, सर खाली येऊन स्टुलावर बसले. मांडीवर एक वही उघडी. एका नावावर बोट.

"बाकीचे सापडले नाहीत तरी चालेल," म्हणाले. "ही सापडली पाहिजे."

रेहाना मुजावर. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा नववी ब. बाप शिवणकाम करायचा. पोरगी कधी वर्गात बोलायची नाही. सरांनी त्या दिवशी नेहमीप्रमाणं फळ्यावर जीभ काढली आणि पहिल्या बाकावरच्या पाच पोरांना पुढं बोलावून थेंब दिले. कुठं लागलं, कुठं लागलं, विचारलं. पोरं फळ्याकडं बघायची आणि चित्रात जिथं लिहिलंय ते सांगायची. पाचवी रेहाना. तिनं फळ्याकडं बघितलं नाही. डोळे मिटले, आणि म्हणाली, "सर, टोकाला बी कडू लागतंय."

सरांनी पुन्हा थेंब दिला.

"लागतंय सर."

"मी काय केलं माहीत आहे?" सर मला म्हणाले. "सगळ्या वर्गासमोर म्हटलं, मग तुझी जीभ बिघडलेली आहे. पोरं हसली. मीही हसलो. तिनं तरी प्रयोगवहीत खरं ते लिहिलं, टोकाला कडू लागले. मी त्यावर लाल रेघ मारली आणि तिच्याकडून पुन्हा लिहून घेतलं. तिनं पुन्हा लिहिलं. टोकाला कडू लागत नाही." सरांनी वही मिटली. "बत्तीस वर्षांत एकाच मुलीनं खरं निरीक्षण केलं. आणि विज्ञानाच्या मास्तरानं तिला खोटं लिहायला लावलं."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "सर, पोरगी विसरूनबी गेली असंल."

"अनुमान," सर म्हणाले. पण त्यात रोजचा जोर नव्हता.

मग शोध सुरू झाला. वर्गातल्या कोणी म्हणालं ती मिरजेला असते, कोणी म्हणालं मुंबईला. एकानं छातीठोकपणे सांगितलं, हातकणंगल्याला दिलीय, स्टेशनच्या मागच्या गल्लीत. सर माझ्या स्कूटरवर मागं बसले, डबा मांडीवर. गल्लीत रेहाना मुजावर सापडलीही. पण ती माहेरची सांगलीची. कोल्हापूरची शाळा तिनं बाहेरूनही बघितलेली नव्हती. तिच्या सासूनं आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "पावणं, तुमी कुठल्या खात्याचं?" एवढ्यात कुणाचं तरी लक्ष डब्यातल्या बाटल्यांवर आणि ड्रॉपरवर गेलं. पोलिओवाले आल्यात, अशी हाळी गेली. पाच मिनिटांत गल्लीतल्या बायका कडेवर पोरं घेऊन हजर.

मी सरांना म्हटलं, चला, निघू. पण समोर पंचवीस-तीस माणसं रांगेत उभी, आणि सर परत फिरणार? तान्ही पोरं त्यांनी बाजूला बसवली, मोठ्यांना मांडी घालायला लावली आणि पाऊण तास शिकवलं. ती सासू सगळ्यात हुशार निघाली. परत येताना सर खुशीत होते, गुणगुणत होते. शिरोलीच्या पुढं आल्यावर गुणगुणणं थांबलं.

"वर्ग चांगला होता," म्हणाले. "पण ती नव्हती."

ती कबनूरला असते हे शेवटी आम्हाला मंडईत कळलं, तिच्या एका वर्गमैत्रिणीकडून. नवरा यंत्रमागावर कामाला, आणि हिची स्वतःची खाणावळ आहे, मागवाल्यांसाठी. निघायच्या दिवशी सरांनी नवा शर्ट घातला. वाटेत स्कूटरवर मागून सारखं विचारत होते.

"संभाजी, आधी काय म्हणू?"

"चुकलं म्हणा, सर."

"एवढंच?"

"एवढंच लई हुतंय."

कबनूरला माग सुरू असले की गल्लीत एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागतं. खाणावळ म्हणजे पत्र्याची लांब शेड, आत तीन चुली, दोन बाकं, आणि भाकऱ्या थापणाऱ्या दोन बायका. साडेअकरा वाजले होते. बाराला जेवणारी माणसं येणार, म्हणून घाई चाललेली. पातेल्यापाशी उभी होती ती बाई वळली, सरांकडं बघितलं आणि हातातला डाव खाली ठेवून पदर डोक्यावर घेतला.

"पोवार सर?" म्हणाली. "या की. बसा की. अशी कशी वाट चुकला?"

सर बसले नाहीत. वाटेत घोकलेलं सगळं विसरले असावेत. म्हणाले, "रेहाना, नववीत जिभेचा प्रयोग केला होता. आठवतं?"

ती हसली. "आठवतंय की. दहावी संपस्तवर पोरं मला बिघडी म्हणायची. ऱ्हाऊ दे सर, त्याला आता किती वर्सं झाली." आणि मागं वळून म्हणाली, "कमल, आमटीचं मीठ बघ गं."

कमल नावाची बाई भाकरी सोडून उठली, डावातली आमटी तळहातावर घेऊन चाटली, मान हलवली. रेहाना तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. मग दुसऱ्या बाईला म्हणाली, "आक्का, तुमीबी बघा." आक्कांनी चाखलं. रेहानानं त्यांच्याही तोंडाकडं तसंच बघितलं.

"तू नाही बघत?" सरांनी विचारलं.

ती चुलीतलं लाकूड सारायला लागली. कमलच म्हणाली, "ताई कवाच चाखत न्हाईत. मी हितं बारा वर्सं हाय. वास घेत्यात, रंग बघत्यात, पर मीठ आमाला इच्यारूनच घालत्यात."

"सवय हाय सर," रेहाना म्हणाली. "माझ्या जिभंचा मला भरवसा वाटत न्हाय. चाखून बरोबर वाटलं तरी भ्या वाटतंय, माणसं उपाशी उठतील. म्हणून दुसऱ्याला चाखाय लावायचं आन त्याच्या तोंडाकडं बघायचं. तोंड खोटं बोलत न्हाय."

ती हे हसत हसत सांगत होती. मला सरांकडं बघवलं नाही. मी चुलीतल्या लाकडांकडं बघत राहिलो आणि मनात म्हटलं, आपण उगाच आलो, म्हातारा हे पचवायचा नाही.

पण सरांनी डबा उघडला. तिच्यासमोर उभे राहिले. जीभ काढ म्हणाले नाहीत. म्हणाले, "रेहाना, एकदा देऊ का?"

तिनं दोन्ही बायकांकडं बघितलं, मग डोळे मिटले. सरांनी काडेचिराईताचा एकच थेंब जिभेच्या टोकावर टाकला. बाटली मी धरली होती.

"सांग. मी काही सांगत नाही. तूच सांग."

तिनं जीभ हळूच आत घेतली. तिकडं भाकरी करपायला लागली, कुणी उलटली नाही.

"कडू लागतंय," म्हणाली. "टोकाला."

"बरोबर आहे," सर म्हणाले. मागांच्या खडखडाटातही ऐकू जाईल एवढ्या आवाजात, वर्गात बोलायचे तसे. "तेव्हाही बरोबर होतं. चित्र चुकीचं होतं आणि मी चुकीचा होतो. तुझी जीभ कधीच बिघडलेली नव्हती. माझं चुकलं, रेहाना."

तिनं डोळे उघडले नाहीत. मिटलेल्या डोळ्यांतूनच पाणी आलं. पदरानं पुसलं, पुन्हा आलं. आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बस, बाई, बस." मग ती वळली, पातेल्यापाशी गेली, डाव बुडवला, तळहातावर आमटी घेतली आणि स्वतः चाटली. तशीच उभी राहिली. पुन्हा चाटली.

"मीठ कमी हाय," म्हणाली.

"बरोबर हाय की ताई," कमल म्हणाली.

"न्हाय. कमी हाय." आणि तिनं बरणी ओढून स्वतःच्या हातानं मीठ घातलं.

सरांना मी असं बघितलेलं नाही, आधी नाही आणि नंतरही नाही. फौजदारानं जीभ काढली तेव्हा नाही, हातकणंगल्याला अख्खी गल्ली मांडी घालून बसली तेव्हा नाही. ते नुसते उभे होते आणि त्यांचं तोंड लहान पोरासारखं फुललं होतं.

तिनं आम्हाला बसवलं. पाट मांडले, ताटं वाढली. सरांपुढं आमटीची वाटी ठेवून समोर उकिडवी बसली. "बघा सर. आता कशी हाय?"

सरांनी भुरका मारला. "वा," म्हणाले. "एकदम बरोबर."

ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती. मघाशी कमलच्या तोंडाकडं बघत होती तसंच.

"अजून एक घोट घ्या," म्हणाली.

सरांनी घेतला. "उत्तम."

"सर," ती हळू म्हणाली, "तुमाला चव लागत न्हाय."

मी म्हणणार होतो, असं कसं होईल. पण सरांनी वाटी खाली ठेवली. खोटं निरीक्षण त्यांना आणखी रेटायचं नसावं.

"नाही लागत," म्हणाले. "पाच वर्षं झाली. साथीत आम्ही दोघंही तापानं पडलो. ही गेली, आणि त्याच आठवड्यात माझी चव गेली. मला वाटलं, ती गेली म्हणूनच जेवण लागत नाही. असं होत असेल, दुःखात. दीड वर्ष मी कुणाला विचारलंसुद्धा नाही. निरीक्षण न करताच अनुमान काढलं." ते थोडं हसले. "मग एकदा मुलानं बळंच माझ्याच एका डॉक्टर विद्यार्थ्याकडे नेलं. मी त्याला म्हटलं, बाबा रे, निदान टोकाला गोड तरी लागू दे. तेव्हा तो म्हणाला, सर, टोकाचं काही नसतं."

मागं गल्लीत माग चालूच होते. मला आमच्या घरचं आठवलं. दोन वर्षांपूर्वी बायकोनं सरांना खीर पाठवली होती आणि तिच्यात चुकून साखरेऐवजी मीठ पडलं होतं. कळल्यावर आम्ही धावत वर गेलो, तर वाटी घासून पालथी घातलेली. "छान होती," म्हणाले होते सर. किती भला माणूस आहे, असं आम्ही दोघं त्या दिवशी जेवताना बोललो होतो. वरखाली राहून, रोज दहा वेळा त्यांचं तोंड बघून, माझ्या काही ध्यानात आलं नाही. मला माझीच लाज वाटली.

रेहाना मात्र हळहळली नाही. अरेरे म्हणाली नाही. तिनं पाट सरकवून मांडी घातली, स्वतःपुढं एक वाटी ओतून घेतली आणि म्हणाली, "घ्या सर. माझ्याबरोबर घ्या. मी सांगती."

बाहेर जेवणारी माणसं यायला लागली होती. तिनं कमलला हातानंच खूण केली, तू वाढ.

"ह्यो पयला घोट. आधी आंबट लागतंय, चिंच हाय. जराशीच. पोरं कच्ची चिंच खात्यात तसलं न्हाय, जुन्या चिंचंचं. आता थांबा. गिळू नगासा. मागनं गूळ येतोय. लागला? न्हाय लागला तर ऱ्हाऊ दे, मला लागलाय. आन मीठ, आत्ता घातलं न्हवं का, ते एका जाग्यावर न्हाय, समद्या जिभंवर पसरलंय."

सरांनी डोळे मिटले होते. "पुन्हा सांग," म्हणाले. "चिंचेपासून."

तिनं चिंचेपासून पुन्हा सांगितलं. घाई न करता, एकेक चव सुटी करून, मध्ये थांबून, समजलं का ते बघून. दारातले मागवाले हातात ताटं घेऊन बघत उभे राहिले होते, पण ती उठली नाही.

"आता भाकरी," म्हणाली.

सरांनी भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात ठेवला, आणि ती सांगेल म्हणून तिच्याकडं बघत थांबले.